चौकशीबाईंचं ‘नाही’

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीला काच होती, काचेला अर्धगोल भोक होतं, आणि ते अशा उंचीवर पाडलं होतं की विचारणाऱ्याला कमरेत वाकावं लागे आणि सांगणाऱ्याला मान वर करावी लागे. ही रचना ज्याने केली त्याचं माणसाच्या सांगाड्याशी जुनं वैर असावं. या भोकामागे बाईंनी उमेदीची सगळी वर्षं काढली. पुढे त्या आमदार झाल्या. मानेच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी, ‘सभागृहात फार वेळ बसता का?’ असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सभागृहात मान वर करायची वेळ फारशी येत नाही. हे जुनं आहे.’

खिडकीवर बसणाऱ्या बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं असे. ‘येईल आता.’ गाडी डेपोत उभी असो, वाटेत बंद पडलेली असो, की वेळापत्रकातूनच काढून टाकलेली असो, ‘येईल आता.’ बाईंनी नोकरीला लागल्या लागल्या एक गोष्ट पाहिली. गाडी आली नाही म्हणून माणूस चिडत नाही. ‘येईल आता’ ऐकून तो पोराला पाणी पाजायला नेत नाही, स्वतःची अडचण दाबून फलाटाला खिळून राहतो आणि मग गाडी येत नाही, तेव्हा तो चिडतो. म्हणून त्यांनी आपल्यापुरता नियम केला. गाडी मागच्या थांब्यावरून सुटल्याचं फोनवर स्वतः ऐकल्याशिवाय ‘येईल’ म्हणायचं नाही. सुटणारच नसेल तर ‘नाही येणार’. आणि कळलंच नसेल तर ‘माहीत नाही, थोड्या वेळाने विचारा’. चौथं उत्तर नाही.

सुरुवातीला लोकांनी त्यांना उद्धट ठरवलं. एकाने तक्रारवहीत लिहिलं, ‘बाई गाडी नाही म्हणतात, आणि गाडी खरंच येत नाही.’ साहेबांना यात नेमकी तक्रार कोणती ते शोधून काढता आलं नाही. मग हळूहळू माणसं बाईंची पाळी बघून येऊ लागली. पुढे तर ज्यांना कुठे जायचंच नव्हतं असेही लोक भोकापाशी वाकू लागले. नळाला उद्या पाणी येणार का, दवाखान्यातले साहेब रजेवरून परतले का, पेन्शनचा अर्ज पुढे सरकलाय का. बाई फोन फिरवत आणि सांगत. ‘चौकशीबाई’ हे नाव तेव्हा पडलं, आणि ते त्यांच्या खऱ्या नावावर असं बसलं की मतपत्रिकेवर खरं नाव बघून लोक बुचकळ्यात पडले होते.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि एक किस्सा ऐकवायचा. ‘मी लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, माहीत नाही, गुरुवारी विचारा. मी गुरुवारी गेलो. तिथे रांग होती. उभा राहिलो.’

त्या काळात तिथले आमदार होते करूयासाहेब. हेही टोपणनावच. त्यांच्याकडे काहीही घेऊन गेलं की ते खांद्यावर हात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, ‘करूया.’ रस्ता? करूया. शाळेवर पत्रे? करूया. मुलाला नोकरी? करूया की! माणूस त्यांच्या घरातून तरंगत बाहेर पडे आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागत. करूयासाहेबांनी कुणाचं वाईट केलं नाही. खरं तर त्यांनी कुणाचंच काही केलं नाही. पण निवडणूक आली की ते बिनघोर निवडून येत, कारण ‘नाही’ कधी कुणी ऐकलंच नव्हतं.

विरुद्ध पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना त्या वर्षी पडायला एक उमेदवार हवा होता. पडायला चांगली माणसं मिळत नाहीत. अध्यक्ष फिरून फिरून थकले आणि शेवटी बसस्थानकावर आले. त्यांना गाडी पकडायची होती. ‘गाडी नाही येणार,’ असं ऐकल्यावर ते तिथेच बाकावर बसले, बाईंकडे आणि बाईंपुढच्या रांगेकडे बघत राहिले आणि गाडीची वेळ उलटून गेल्यावर पुन्हा भोकापाशी वाकले.

‘ताई, निवडणूक लढवाल?’

‘निवडून येईन का?’

‘नक्की! शंभर टक्के!’

‘खोटं बोलताय,’ बाई म्हणाल्या. ‘पण लढवते. पुढचे, बोला.’

तो प्रचार अध्यक्षांनी डोक्याला हात लावूनच काढला. बाई स्टेजवर उभ्या राहायच्या आणि खिडकीवरच्याच आवाजात सांगायच्या, ‘मोठं हॉस्पिटल होणार नाही. दवाखान्याला डॉक्टर मिळेल, पण रोज नाही. वरच्या आळीचा रस्ता होईल. खालच्या आळीचा या पाच वर्षांत होणार नाही, तेव्हा तुम्ही मत द्यायच्या आधी विचार करा.’ खालच्या आळीने विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी नक्की काय ते सांगितलं होतं, आणि त्या धक्क्यात त्यांनी बाईंनाच मत दिलं. निकालाच्या दिवशी अध्यक्ष शेजारच्या मतदारसंघातल्या विजयासाठी आणलेला हार घेऊन उभे होते. तो उमेदवार पडला. हार बाईंच्या गळ्यात घालावा लागला आणि तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला.

आमदार झाल्यावर बाईंनी बंद पडलेलं कापडाचं दुकान भाड्याने घेतलं. आत एक टेबल, दोन फोन, आणि टेबलापुढे रांग. लोकांनी तीनांपैकी एक उत्तर घ्यायचं आणि घरी जायचं. सभागृहातही त्यांची तीच पद्धत. मंत्री उत्तर द्यायचे, ‘कार्यवाही सुरू आहे.’ बाई उभ्या राहायच्या. ‘फाईल कुठल्या टेबलावर आहे?’ मंत्री मागे सचिवांकडे बघायचे, सचिव त्यांच्या मागे बघायचे, आणि त्यांच्या मागे भिंत असायची. बाईंना मंत्रिपद कधी मिळालं नाही. त्या दर वेळी निवडून आल्या आणि दर वेळी मागच्या बाकावर बसल्या. पण खुद्द मंत्रीही आपल्या मतदारसंघातल्या माणसाला पिटाळायचं झालं की हळूच म्हणत, ‘जरा चौकशीबाईंना विचारून या, होणार आहे का ते.’

आता पुलाचं.

गावाला खेटून नदी होती, आणि पलीकडे मोठी वस्ती. मधे पूल नव्हता, बाईंचा दादा होता. वडील नावाडी होते. ते अवेळी गेले आणि दादाने शाळा सोडून वल्हं हातात घेतलं. त्याच वल्ह्यावर त्याने धाकट्या बहिणीला शिकवलं. पूल होणार असल्याचं दर निवडणुकीला जाहीर व्हायचं, मोजणीवाले येऊन काठावर लाल खुंट्या ठोकायचे आणि त्या खुंट्यांना लोक शेळ्या बांधायचे.

एक दिवस दादा कापडाच्या दुकानात रांगेत येऊन उभा राहिला. बाईंनी आत बोलावलं, तर म्हणाला, ‘नको. नंबराने येतो.’ त्याचा नंबर आला.

‘होडीचा तळ गेलाय,’ तो म्हणाला. ‘नवी बांधायची म्हणतो. चांगली, इंजिनवाली, छपरासकट. पण पूल होणार असेल तर कशाला हा उपद्व्याप? तेवढं सांग.’

‘माहीत नाही. आठवड्याने ये.’

बाईंनी त्या आठवड्यात राजधानी पालथी घातली. बांधकाम खातं, अर्थ खातं, नियोजनवाले. सगळीकडे एकच चित्र होतं. पुलाचं घोंगडं असं भिजत पडलं होतं की त्यावर आता शेवाळं धरायचंच बाकी होतं. आठवड्याने दादा पुन्हा नंबराने आला.

‘नाही होणार.’

‘नक्की?’

‘मी कधी अनक्की बोलते का?’

दादाने नवी लाँच बांधली. पांढरी, निळ्या पट्ट्याची, दोन्ही बाजूंना बाकं आणि मागे असं इंजिन की सुरू केल्यावर दोन्ही काठांवरची कुत्री उठून उभी राहत. ‘नाही होणार’ हे बाईंनी काठावरच्या सगळ्यांनाच सांगितलं. मग कुणी धक्क्यापाशी खानावळ वाढवली, कुणी पुलाच्या जागेत पेरूची बाग लावली, कुणी घराला वर एक मजला चढवला.

आणि दोन वर्षांनी पूल मंजूर झाला.

तो का मंजूर झाला याचं सरकारी कारण ‘जनतेची दीर्घकाळची मागणी’ असं होतं. खरं कारण खात्यातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. बांधकाम खात्याचे मंत्री बदलले होते. नव्या मंत्र्यांची सासू पलीकडच्या वस्तीत राहायची आणि होडीत पुन्हा पाय ठेवणार नाही असं तिने जाहीर केलं होतं. ज्या मंत्र्याला सासू आहे, त्याच्यापुढे अर्थ खातं ते काय!

अध्यक्ष नाचतच कापडाच्या दुकानात आले. ‘ताई! पूल! निवडणूक तोंडावर, आणि पूल! तुम्ही फक्त म्हणायचं, मीच आणला.’

‘मी आणला नाही. मी नाही म्हटलं होतं.’

‘ते विसरतात हो लोक.’

‘माझं विसरत नाहीत,’ बाई म्हणाल्या. हे त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि हे किती खरं आहे ते त्यांना पुढच्याच महिन्यात कळलं.

कोनशिलेचा कार्यक्रम धक्क्याजवळ ठेवला होता. मोठा मांडव, लाल खुर्च्यांच्या रांगा, स्टेजवर मंत्री, अध्यक्ष आणि बाई. खुर्च्यांवर कुणी नाही. पहिल्या रांगेत करूयासाहेब एकटेच बसले होते, कारण त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं आणि बाईंचं ‘नाही’ खोटं ठरताना बघायचं होतं. त्यांचा ड्रायव्हर मागे कुठेतरी झोपला होता. काठावर माणसं दिसत होती. कुणी जाळं सुकवत होता, कुणी पेरूला पाणी घालत होता. मांडवाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

‘जनता कुठाय?’ मंत्र्यांनी दातांच्या फटीतून विचारलं.

‘ऊन आहे ना, साहेब,’ अध्यक्ष म्हणाले. आभाळ गच्च भरलेलं होतं.

अध्यक्षांनी माणूस पिटाळला. तो पेरूवाल्याकडे जाऊन आला आणि मांडवाच्या खांबाला धरून कसनुसा उभा राहिला. ‘ते म्हणतात, पूल होणार नाही. बाई नाही म्हणाल्यात.’

‘अरे, मंत्री आलेत म्हणावं, दगड आलाय!’

‘सांगितलं. ते म्हणतात, मंत्री काय, येतच असतात. दगड मागच्या वेळीही आला होता. तो आता धुणं धुवायला वापरतात.’

मंत्र्यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे दगड बसवला आणि गाडीत बसता बसता बाईंना बाजूला घेतलं. ‘लोकांनी जागा सोडल्याशिवाय काम सुरू होत नाही. जागा सोडली नाही, तर या वर्षीचा पूल मी दुसरीकडे देतो. नद्या मला पुष्कळ आहेत. आणि तुमच्या पुढच्या तिकिटाचं मी वर बोलेन.’ गाडीची काच वर गेली.

‘तुम्ही बहिष्कार घातलात!’ अध्यक्ष ओरडले.

‘मी काही घातलं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘दोन वर्षांपूर्वी एक शब्द बोलले, तेवढंच.’

‘मग आता दुसरा बोला! म्हणा, होणार!’

‘विचारल्याशिवाय कशी म्हणू?’

अध्यक्षांनी पुन्हा डोक्याला हात लावला.

बाई दुसऱ्या दिवशी मुख्य अभियंत्यांच्या कार्यालयात जाऊन बसल्या. अभियंता तरुण होता, नम्र होता, आणि आमदारांना चहा पाजून वाटेला लावायची कला त्याला साधलेली होती. बाईंनी चहा बाजूला सारला. निधी नुसता मंजूर झालाय की खात्याकडे आलाय? आलाय. कंत्राटदार ठरलाय? ठरलाय. त्याची यंत्रं कुठे आहेत? अभियंत्याने फोन लावला, फोन बाईंनी त्याच्या हातातून घेतला, आणि पलीकडच्या माणसाला विचारलं, ‘यंत्रं मागच्या कामावरून निघाली का?’

‘निघाली ना, बाई. काल सकाळीच. आता घाटात असतील.’

बाईंनी फोन ठेवला. पूल होणार होता. त्यांचं ‘नाही’ खोटं ठरलं होतं. ज्या एका गोष्टीवर त्यांनी नोकरी केली, तीन निवडणुका जिंकल्या आणि नवरादेखील मिळवला, ती गोष्ट मोडीत काढायला यंत्रं ट्रकवर बसून घाटातून येत होती.

परतताना गाडीत त्यांचा सहायक बरोबर होता. तो पूर्वी पाटबंधारे खात्यात कारकून होता. कामं कशी अडतात याचं त्याचं ज्ञान अफाट होतं, आणि ते वाया जातंय याची त्याला मनोमन खंत होती.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘बांधकाम समितीवर तुम्ही आहात. एक शंका काढा. नुसती शंका. काठाच्या मातीबद्दल. पुन्हा तपासणी होईल, वर्ष जाईल, मंत्री बदलेल. पूल होणार नाही. म्हणजे तुम्ही बरोबरच होतात. दादांची लाँचही राहील. खोटं काहीच नाही, माती आहेच की तिथे.’

 बाईंना मोह झाला, आणि चांगलाच झाला. एक ओळ लिहायची, आणि सगळं जिथल्या तिथे. दादा, लाँच, पेरू, शब्द. त्यांनी सहायकाचं वाक्य मनात पुन्हा एकदा घोळवून पाहिलं, त्यात कुठे चूक सापडली नाही.

‘म्हणजे चौकशीची खिडकी खरी ठरावी म्हणून आलेली गाडी परत पाठवायची,’ त्या शेवटी म्हणाल्या.

‘असं म्हटलं की वाईट दिसतं,’ सहायक म्हणाला.

‘धक्क्यावर घे गाडी,’ बाईंनी ड्रायव्हरला सांगितलं.

दादा लाँचच्या इंजिनात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. बाई काठावरच्या दगडावर टेकल्या.

‘पूल होतोय, दादा.’

दादाने हात बाहेर काढला नाही. ‘कोण म्हणतं?’

‘मी म्हणते.’

मग मात्र त्याने पाना खाली ठेवला. ‘तू तर नाही म्हणाली होतीस.’

‘चुकले.’

‘तू?’ दादा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग घराच्या दिशेने ओरडला, ‘अगं ए, बाहेर ये! आमदारबाई चुकल्या म्हणतायत!’

वहिनी ओले हात पुसत बाहेर आल्या. ‘कशात?’

‘पुलात. होतोय म्हणे.’

‘अगं बाई. मग आपल्या लाँचचं...’

‘ते राहू दे आत्ता,’ दादा घाईने म्हणाला. ‘बहीण चुकलीये, तिला पाणी आण.’

वहिनी आत गेल्या. दादा हात पुसत काठावर आला आणि शेजारी बसला. नदीकडे बघत म्हणाला, ‘एक सांगू? चिडणार नाहीस?’

‘सांग तर.’

‘मंत्र्याची ती सासू. मीच नेली होती तिला.’

‘बरं, मग?’

‘नवी लाँच. नवं इंजिन. त्यात बाई मोठ्या घरची, आणि मी आमदाराचा भाऊ. म्हटलं, जरा दाखवू काय चीज आहे ती.’ दादाने हाताने पाण्यावर एक मोठं वळण काढून दाखवलं. ‘मधोमध जाऊन असं फिरवलं, मग असं. ती ओरडत होती. मला वाटलं, मजा येतेय. काठाला लागेपर्यंत तिच्या पोटात काही म्हणता काही राहिलं नव्हतं. उतरताना म्हणाली, जावयाला सांगते, या पाण्यावरून मी पुन्हा जाणार नाही. मला वाटलं, रागात बोलतात माणसं.’

बाईंनी मनातल्या मनात साखळी जुळवली. आपण नाही म्हटलं, म्हणून याने लाँच बांधली. लाँच बांधली, म्हणून याला मिरवावंसं वाटलं. हा मिरवला, म्हणून सासू गळपटली. सासू गळपटली, म्हणून पूल. चार सर्वेक्षणांना आणि दोन आंदोलनांना जे जमलं नव्हतं ते त्यांच्या एका नकाराने करून दाखवलं होतं.

‘म्हणजे पूल माझ्यामुळेच झाला,’ त्या म्हणाल्या.

‘आणि माझ्या,’ दादा म्हणाला. ‘निम्मा निम्मा.’

‘हे अध्यक्षांना कळू देऊ नकोस. ते फलक लावतील.’

मग दोघंही इतकी हसली की वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या. लाँचचं पुढे काय, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बाईंनीही ते आपणहून काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या उत्तर तयार असताना गप्प बसल्या होत्या.

दुसरी सभा त्याच मांडवात झाली. या वेळी मंत्री नव्हते, दगड नव्हता, फक्त ‘बाई बोलणार’ एवढंच फिरवलं होतं. खुर्च्या भरल्या, मग मांडवाच्या कडा भरल्या, पलीकडच्या वस्तीतून दादाच्या लाँचने फेऱ्यांवर फेऱ्या मारून माणसं आणली. करूयासाहेब याही वेळी पहिल्या रांगेत होते. या वेळी त्यांचा ड्रायव्हर जागा होता.

बाई उभ्या राहिल्या. ‘पुलाचं मी नाही म्हटलं होतं. पूल होणार आहे. निधी आलाय, यंत्रं वाटेत आहेत, मी स्वतः विचारलंय. माझं चुकलं. ज्यांनी माझ्या शब्दावर त्या जागेत काही बांधलं, लावलं, त्यांची भरपाई वेगळी काढायला लावलीय. तिचं मात्र अजून माहीत नाही, महिन्याने विचारा.’ आणि त्या खाली बसल्या.

टाळ्या झाल्या नाहीत. कुणी घोषणाही दिल्या नाहीत. अध्यक्षांना वाटलं, संपलं. करूयासाहेबांना वाटलं, जमलं. मांडवात एक विचित्र कुजबुज सुरू झाली, पेरूवाला बागेच्या दिशेने बघून काहीतरी पुटपुटला, आणि मग मागून एक म्हातारी काठी टेकत थेट स्टेजपर्यंत आली.

‘बाई, माझ्या वाढीव पेन्शनला तुम्ही नाही म्हणाला होतात.’

‘हो, आजी.’

‘ते पण चुकलं असेल की मग.’

 म्हातारीच्या मागे खालच्या आळीचा माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या मागे शाळेचे मास्तर. त्यांच्या मागे पेरूवाला. बघता बघता मांडवाच्या मधोमध रांग लागली. तिचं दुसरं टोक धक्क्यापर्यंत पोचलं. तीन निवडणुकांत बाईंनी ज्याला ज्याला म्हणून ‘नाही’ म्हटलं होतं, तो आपापला नकार घेऊन पुन्हा हजर झाला होता.

अध्यक्ष कानाशी लागले. ‘ताई, उठा. राष्ट्रगीत लावतो. ही रांग संपायची नाही.’

बाईंनी आपली खुर्ची उचलली, स्टेजच्या कडेला आणून ठेवली आणि बसल्या. ‘आजी, तुमच्या पेन्शनचं नाहीच होणार.’

‘नक्की?’

पूर्वी या प्रश्नाला ‘नक्की’ एवढं उत्तर पुरत असे. आता त्यांना कारण सांगावं लागलं. नियम काय, वयाची अट काय, आजींचा कागद कुठे अडतो. आजींनी मधेच एक प्रश्न विचारला, तो बाईंना सुचला नव्हता. ‘थांबा,’ बाई म्हणाल्या. ‘हे मी विचारलं नव्हतं. माहीत नाही. सोमवारी या.’ आजी विजयी चेहऱ्याने वळल्या, आणि त्यांचा चेहरा बघून रांग आणखी लांबली. खालच्या आळीच्या रस्त्याला पुन्हा ‘नाही’ मिळालं, पण आता कारणासकट, आणि तो माणूस त्या कारणाशी दहा मिनिटं भांडून गेला. बाई थकल्या, वैतागल्या, दोनदा आवाज चढला. पण उठल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत त्या निवडून आल्या, पूर्वीपेक्षा कमी मतांनी, आणि कापडाच्या दुकानातलं काम दुप्पट झालं, कारण आता प्रत्येक ‘नाही’ला ‘का?’ जोडलेलं असे. करूयासाहेबांनी पराभवानंतर आपल्या लोकांना सांगितलं, ‘पुढच्या वेळी करूया.’

सभेच्या त्या संध्याकाळी रांगेच्या शेवटाकडे दादा होता. लाँच बांधून, पाय धुऊन, नंबराने आलेला.

‘पूल झाल्यावर माझी लाँच चालेल का?’

 मांडवात बसलेल्यांतला प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्या होडीतून गेला होता. बाईंना ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण ते खरं नव्हतं.

‘नाही, दादा,’ त्या म्हणाल्या. ‘पूल होईपर्यंत तीन वर्षं कामावरच्या माणसांची ने-आण तुझ्याकडे राहील, ते मी बघितलंय. त्यानंतर नाही चालणार.’

‘नक्की?’

‘नक्की.’

दादाने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उलट कसलातरी समाधानी हिशोब दिसत होता.

‘मागच्या वेळीही असंच म्हणाली होतीस,’ तो म्हणाला.

बाईंनी त्याला थांबवायला हात वर केला. हे तसं नाही, हे वेगळं आहे, याचं कारण असं असं आहे, हे सगळं त्यांना सांगायचं होतं. पण त्याच्या मागची खानावळवाली पुढे सरकून बोलायला लागली होती, आणि दादा गर्दीतून वाट काढत धक्क्याकडे निघालासुद्धा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लाँच काठावर ओढली आणि तिला नव्याने रंग द्यायला घेतला.